‘लागणे’ : एका क्रियापदाची व्युत्पत्ती, अर्थविस्तार आणि गोंडीभाषक विद्यार्थी

१. प्रास्ताविक

मराठीच्या अध्यापनाचा विचार करताना आपण सामान्यतः असे गृहीत धरतो की वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याची मातृभाषा मराठी आहे. पाठ्यपुस्तके, व्याकरणाची पुस्तके आणि प्रश्नपत्रिका याच गृहीतावर उभ्या असतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मात्र हे गृहीत टिकत नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. भामरागड, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांत माडिया व गोंडी, सिरोंचा आणि अहेरी भागात तेलुगू, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी, मुलचेऱ्याच्या वसाहतींत बांगला, तर चंद्रपूरच्या जिवती भागात कोलामी अशा भाषा घराघरांत बोलल्या जातात. या घरांतील मूल शाळेत आल्यावर जी मराठी ऐकते ती त्याच्या दृष्टीने दुसरी, कित्येकदा तिसरी भाषा असते.

अशा विद्यार्थ्याला मराठीतील कठीण, संस्कृतप्रचुर शब्द फारसे अडवीत नाहीत. ते शब्द मराठीभाषक मुलालाही नवेच असतात आणि म्हणून शिक्षक ते आवर्जून समजावून सांगतात. अडवितात ते अत्यंत परिचित वाटणारे, कोणीही न समजाविलेले शब्द. ‘लागणे’ हे क्रियापद त्यांपैकी एक होय. भूक लागते, ठेच लागते, वेळ लागतो, नोकरी लागते, आग लागते, नदी लागते, फळ गोड लागते, कोणी कोणाचा मामा लागतो, मूल रडू लागते आणि कचेरीत ‘दाखला आणावा लागेल’ असे ऐकावे लागते. कोशांतून या धातूखाली अर्थांची लांबच लांब यादी आढळते. प्रत्येक अर्थ स्वतंत्र मानून पाठ करावयाचा म्हटले तर शिकणाऱ्याने हताश व्हावे अशीच ती यादी आहे.

प्रस्तुत लेखात या क्रियापदाची व्युत्पत्ती, त्याचा अर्थविस्तार आणि त्याच्या प्रमुख वाक्यरचना यांचा विचार करावयाचा आहे. हे सर्व अर्थ एकाच मूळ चित्रातून निघालेले आहेत, आणि ते चित्र ज्या व्याकरणिक साच्यात बसते तो साचा गोंडीभाषक विद्यार्थ्याला परका नाही, हे लेखाचे प्रतिपादन आहे. तसे असेल तर व्युत्पत्तीचे ज्ञान हा केवळ पदव्युत्तर परीक्षेतील आठ गुणांचा प्रश्न राहत नाही. प्राथमिक वर्गापासून उपयोगी पडणारे ते एक साधन ठरते.

२. व्युत्पत्ती

‘लागणे’ या क्रियापदाचे मूळ संस्कृतातील ‘लग्’ या धातूत आहे. चिकटणे, जडणे, स्पर्श होऊन तेथेच राहणे हा त्या धातूचा अर्थ. त्याचे भूतकालवाचक धातुसाधित ‘लग्न’, म्हणजे ‘चिकटलेले’. प्राकृतात या धातूचे ‘लग्गइ’ असे रूप आढळते. प्राकृतातील जोडव्यंजन मराठीत येताना एकेरी होते आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ होतो, हा नियम झ्यूल ब्लॉक यांच्या मराठीच्या घडणीवरील ग्रंथापासून अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. सप्त–सत्त–सात, हस्त–हत्थ–हात, कर्म–कम्म–काम, त्याचप्रमाणे लग्ग–लाग. ‘आग लागली’ या साध्या वाक्यातील दोन्ही शब्द याच वाटेने आलेले आहेत : अग्नि–अग्गि–आग आणि लग्न–लग्ग–लाग.

‘लागणे’चे प्रयोजक रूप ‘लावणे’. मूळ क्रियापदात ‘ग’ आहे आणि प्रयोजकात ‘व’ आहे, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. हिंदीत ‘लगना–लगाना’ अशी सरळ जोडी आहे. मराठीत तशी नाही. याचे कारणही ध्वनिनियमातच शोधले जाते. संस्कृतातील प्रयोजक ‘लागयति’मध्ये ‘ग’ एकेरी आणि दोन स्वरांच्या मध्ये आहे. असा एकेरी ‘ग’ प्राकृतात लोप पावतो. ‘नगर’ शब्दातील ‘ग’ जाऊन अमळनेर, संगमनेर यांतील ‘नेर’ उरले ते याच नियमाने. जोडव्यंजन टिकले म्हणून ‘लागणे’त ‘ग’ राहिला, एकेरी व्यंजन गळाले म्हणून ‘लावणे’त तो राहिला नाही. ही दोन क्रियापदे सख्खी असूनही कानाला वेगळी वाटतात. परभाषक विद्यार्थ्याला त्यांचे नाते मुद्दाम सांगावे लागते, याची नोंद येथेच करून ठेवू. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

या धातूचा मराठीतील परिवार मोठा आहे. लागवड, लागण, लागू, लागोपाठ, लगत, लगोलग, लगट हे सर्व शब्द जवळ येऊन भिडण्याच्या कल्पनेतून निघाले आहेत. (‘लगाम’ मात्र फारसीतून आलेला शब्द आहे, केवळ ध्वनिसाम्यावरून तो या परिवारात घालू नये.) ‘लागण’ या एकाच शब्दाने रोगाचा संसर्गही सांगितला जातो आणि उसाची लावणही. रोग शरीराला चिकटतो, कांडी मातीला चिकटते. भातशेतीच्या या पूर्वेकडील पट्ट्यात मात्र ‘लावणी’ऐवजी ‘रोवणी’ हा शब्द रूढ आहे, हे वर्गात लक्षात ठेवावे; पाठ्यपुस्तकातील ‘भाताची लावणी’ येथील मुलाला कदाचित कळणार नाही, पण ‘रोवणी’ त्याने स्वतः केलेली असते.

‘लग्न’ शब्दाचा प्रवासही येथे सांगण्यासारखा आहे. ज्योतिषात पूर्व क्षितिजाला त्या क्षणी भिडलेला राशिचक्राचा बिंदू म्हणजे लग्न. त्यावरून शुभ मुहूर्त आणि मुहूर्तावरून विवाह असा अर्थ झाला. तेव्हा ‘लग्न लागले’ असे आपण म्हणतो त्या वेळी एकच धातू दोनदा उच्चारीत असतो. ‘लग्न लागते’ आणि ‘लग्न लावतात’ ही ‘लागणे–लावणे’ जोडीही त्यात सहज सापडते.

जुन्या मराठीत ‘लागी’ हे शब्दयोगी अव्यय ‘साठी’ किंवा ‘कडे’ या अर्थाने येते. आजचा ‘ला’ हा चतुर्थीचा प्रत्यय याच ‘लागी’पासून आला असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. नागपुरी-वऱ्हाडी बोलींतील ‘मले, तुले’ ही रूपेही या संदर्भात विचारात घेता येतात. हे मत ग्राह्य धरले तर ‘मला भूक लागली’ या वाक्यात प्रत्ययही ‘लग्’चा आणि क्रियापदही ‘लग्’चेच, असे म्हणावे लागेल.

३. मूळ चित्र आणि अर्थविस्तार

‘लग्’ धातूचे मूळ चित्र असे आहे : एक वस्तू दुसरीकडे येते, तिला भिडते आणि तेथेच राहते. या चित्रात येणे, स्पर्श आणि टिकणे असे तीन घटक आहेत. ‘लागणे’चे निरनिराळे अर्थ म्हणजे या चित्रात कोणती वस्तू कोणाला भिडते यातील फरक होत.

(अ) शरीराला भिडणे. दगड पायाला लागतो, ऊन अंगाला लागते, ठेच लागते. पदार्थ जिभेला भिडतो म्हणून मोहफूल गोड लागते आणि हिरडा तुरट लागतो. मराठीत चव ‘लागते’, वास मात्र ‘येतो’. चवीसाठी प्रत्यक्ष स्पर्श हवा; वास दुरूनही येतो.

(आ) शरीराच्या व मनाच्या अवस्था. भूक, तहान, धाप, उचकी, वेड, छंद, ओढ या सर्व ‘लागतात’. येथे विद्यार्थ्यापुढे खरी अडचण उभी राहते, कारण सर्वच अवस्थांना ‘लागणे’ चालत नाही. घाम येतो, राग येतो, शिंक येते. आनंद होतो, दुःख होते. ही विभागणी केवळ रूढीची आहे असे सांगून आपण मोकळे होतो. परंतु मूळ चित्र समोर ठेवले तर तिच्यात बरीच संगती दिसते. शिंक येते आणि जाते. उचकी मात्र एकदा सुरू झाली की चिकटून बसते, म्हणून ती लागते. भूक खाल्ल्याशिवाय सुटत नाही, तहान प्याल्याशिवाय भागत नाही; त्या नुसत्या येत नाहीत, येऊन राहतात. ‘झोप आली’ आणि ‘झोप लागली’ यांतील भेद तर याचा उत्तम दाखला आहे. झोप आली म्हणजे डोळे जड झाले, माणूस अजून जागा आहे. झोप लागली म्हणजे तो झोपी गेला. तसेच ‘पाऊस आला’ म्हणजे सर पडली. ‘झड लागली’ म्हणजे दिवसचे दिवस पाऊस हटला नाही. या नियमाला अपवाद नाहीत असे नव्हे. तथापि पाठांतराचे ओझे तो पुष्कळच हलके करतो.

(इ) मार्गातील भेट. आलापल्लीहून भामरागडकडे जाताना दाट जंगल लागते, आणि भामरागडच्या अलीकडे पर्लकोटा नदी लागते. चालतो माणूस, नदी आपल्या पात्रात असते. तरीही भाषेच्या चित्रात नदीच येऊन प्रवाशाला भिडते. माणूस वाक्याच्या केंद्रस्थानी नाही, तर येणाऱ्या गोष्टी ज्याला भिडतात असे तो एक स्थान आहे, ही ‘लागणे’ची खास दृष्टी येथे स्पष्ट होते.

(ई) नाते. ‘तो तुझा कोण लागतो?’ हा प्रश्न मराठी समाजात सर्वत्र विचारला जातो. पण गोंड समाजाच्या संदर्भात त्याला विशेष वजन आहे. चार, पाच, सहा आणि सात देवे मानणाऱ्या कुळगटांची व्यवस्था या समाजात आहे आणि समान संख्येची देवे मानणाऱ्यांत विवाहसंबंध होत नाही. त्यामुळे समोरचा मनुष्य भाऊ लागतो की सोयरा, यावर लग्न होऊ शकते की नाही हे अवलंबून असते. ‘कोण लागतो’ आणि ‘लग्न’ हे दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत हे अशा वर्गात सांगितले तर ते कोरडे व्याकरण वाटणार नाही.

(उ) गरज व खर्च. घर बांधायला लाकूड लागते, गावाला पोहोचायला दोन दिवस लागतात, अर्जाला दाखला लागतो. कार्याला जे येऊन जडल्याखेरीज ते पुरे होत नाही ते त्याला ‘लागते’. कचेरीच्या मराठीचा बराचसा भाग याच अर्थावर चालतो.

(ऊ) मन लागणे. येथे चिकटणारी वस्तू मन हीच आहे. आश्रमशाळेत नव्याने दाखल झालेल्या मुलाचे मन लागत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचे मन अजून गावालाच लागलेले आहे, हा दुसरा अर्धा भाग आपण बहुधा विसरतो.

४. तीन रचना, एक नियम

आतापर्यंतचे अर्थ नामांबरोबरचे होते. ‘लागणे’ दुसऱ्या क्रियापदाबरोबर आले म्हणजे पुढील वाक्ये मिळतात :

(१) तो बोलू लागला.
(२) त्याला बोलावे लागले.
(३) ती आईला धान निवडू लागली.

पहिले वाक्य आरंभ सांगते, दुसरे सक्ती सांगते. तिसऱ्या वाक्याचा अर्थ ‘निवडण्यास आरंभ केला’ असा नाही, तर ‘आईला निवडण्याच्या कामात मदत केली’ असा आहे. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’पासून आपल्याकडे अशा रचनांचा विचार झालेला आहे. परंतु शालेय व्याकरणात त्यांची नोंद बहुधा ‘संयुक्त क्रियापद’ या एका नावाखाली होते आणि त्यांच्यातील अर्थभेद मुलाने ऐकून ऐकूनच शिकावा अशी अपेक्षा असते. ज्याने जन्मापासून मराठी ऐकली नाही, त्याच्याकडून ही अपेक्षा करता येत नाही.

तिन्ही रचनांना लागू पडणारा नियम असा सांगता येईल : चिकटणारे ते प्रथमेत, ज्याला चिकटते ते चतुर्थीत. पहिल्या वाक्यात ‘तो’ प्रथमेत आहे; तो बोलण्याच्या क्रियेला जाऊन भिडला, म्हणजे बोलण्यास आरंभ झाला. दुसऱ्या वाक्यात ‘त्याला’ चतुर्थीत आहे. बोलण्याची क्रिया येऊन त्याला चिकटली, म्हणजे त्याची इच्छा असो वा नसो, ती त्याच्यावर पडली. थोडक्यात, एका वाक्यात माणूस कामाला लागला आणि दुसऱ्यात काम माणसाला लागले. तिसऱ्या वाक्यात ‘ती’ प्रथमेत आणि ‘आईला’ चतुर्थीत आहे : निवडण्याच्या कामात ती आईला जाऊन मिळाली, म्हणून मदत. आरंभ, सक्ती आणि मदत हे वरवर असंबद्ध दिसणारे तीन अर्थ कोणाला कोण चिकटले एवढ्यावरून उलगडतात.

सक्तीच्या रचनेचा निषेधही मुद्दाम शिकविला पाहिजे. ‘जावे लागत नाही’ म्हणजे जाण्याची सक्ती नाही, गेले तरी चालेल. ‘जाऊ नये’ म्हणजे जाण्यास मनाई आहे. सूचनाफलक आणि शासकीय पत्रके वाचताना या दोहोंची गल्लत झाली तर तिची किंमत वाचणाऱ्यालाच मोजावी लागते.

५. ‘लागला’ आणि ‘लावला’

आता प्रयोजकाकडे वळू. ‘रानाला वणवा लागला’ आणि ‘रानाला वणवा लावला’ या दोन वाक्यांत एका अक्षराचा फरक आहे. पहिल्यात वणवा येऊन रानाला भिडला. कोणामुळे, याविषयी वाक्य काहीच सांगत नाही. दुसऱ्यात कोणीतरी तो भिडविला आहे. त्याचे नाव घेतले नाही तरी कर्ता गृहीत आहे.

या दोन जिल्ह्यांत हा फरक केवळ व्याकरणाचा नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा जाळला जातो. तेंदूला चांगली पालवी फुटावी म्हणूनही आग घातली जाते. आणि कित्येकदा अशी आग पुढे पसरते. दुसरीकडे वनविभागही आग पसरू नये म्हणून जाळरेषा जाळतो. राखीव वनात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमान्वये अपराध आहे. अशा स्थितीत एखाद्या मनुष्याने ‘पाचोळ्याला आग लावली, मग रानाला आग लागली’ असे सांगितले, तर त्या वाक्यात दोन वेगळ्या घटना आहेत : एक त्याने केलेली, दुसरी त्याच्या हातून निसटलेली. ते लिहून घेणाऱ्याने दोन्ही ठिकाणी ‘लावली’ असे लिहिले, किंवा बोलणाऱ्यानेच दोन क्रियापदांचा भेद ठाऊक नसल्यामुळे ‘लावली’ म्हटले, तर घटना एकच होते आणि तिचा अर्थ पालटतो.

दुसऱ्या भागात नोंदविलेली गोष्ट येथे महत्त्वाची ठरते. ध्वनिपरिवर्तनामुळे ‘लागणे’ आणि ‘लावणे’ यांचे नाते कानाला चटकन जाणवत नाही. मराठीभाषकाला ते सवयीने कळते. परभाषकाला ही दोन निरनिराळी क्रियापदे वाटतात, अथवा उलट, अर्थ जवळचा दिसल्याने ती समानार्थी वाटतात. दिवा लागला–लावला, शोध लागला–लावला, निकाल लागला–लावला, सवय लागली–लावली अशा जोड्या एकत्र ठेवून शिकविल्या तर ‘आपोआप की कोणी केले’ हा प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्याला आपसूक लागते.

६. गोंडी व तेलुगू भाषकांच्या दृष्टीने

गोंडी ही द्राविड कुळातील भाषा असून तिचे वर्गीकरण तेलुगू, कुई, कुवी यांच्यासमवेत दक्षिण-मध्य शाखेत केले जाते. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) तिच्या बोलींची नोंद झाली. पुढे मिचेल यांचे माडिया गोंडीचे व्याकरण (१९४२), बरो व भट्टाचार्य यांचा गोंडी बोलींचा तौलनिक शब्दसंग्रह (१९६०) आणि पी. एस. सुब्रह्मण्यम यांचे वर्णनात्मक व्याकरण (१९६८) प्रसिद्ध झाले. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे २९ लाख ८४ हजार लोकांनी गोंडी ही मातृभाषा म्हणून नोंदविली. इतके असूनही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश नाही.

‘लागणे’च्या अध्यापनासाठी गोंडीच्या दोन विशेषांचा विचार पुरेसा आहे. पहिला विभक्तीचा. ‘मला’ या अर्थी गोंडीत बोलीपरत्वे ‘नाकु’ किंवा ‘नाक’ अशी रूपे आहेत. तेलुगूतही ‘नाकु’च आहे. अनुभव घेणारा माणूस चतुर्थीत आणि अनुभव प्रथमेत हा साचा द्राविड भाषांत सर्वत्र आढळतो. तेलुगूत भूक सांगताना ‘नाकु’ हेच रूप येते. मरी एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याची कल्पना मांडली. भिन्न कुळांतील भारतीय भाषांना समान असलेल्या ज्या विशेषांची चर्चा तेव्हापासून होत आली त्यांत या चतुर्थी-कर्त्याची गणना होते. मराठीत ही रचना एवढी रुजण्यात द्राविड संपर्काचा वाटा असावा, असे मानणारे अभ्यासक आहेत. फ्रँकलिन साउथवर्थ यांनी तर १९७१ साली मराठीच्या घडणीतच अशा संपर्काचा खोल ठसा पाहिला. ते मत पूर्णपणे मान्य करावे की नाही हा वेगळा प्रश्न. वर्गापुरता निष्कर्ष एवढाच की ‘मला भूक लागली’ हे वाक्य गोंडीभाषक मुलाला इंग्रजीभाषकाइतके विचित्र वाटण्याचे कारण नाही. या वाक्याचा धातू संस्कृताचा आहे. साचा मात्र त्या मुलाच्या घरातही आहे.

दुसरा विशेष लिंगाचा, आणि खरी अडचण येथे आहे. गोंडीत एकवचनी नामांचे दोन वर्ग होतात : पुरुषवाचक आणि इतर. स्त्रिया, प्राणी आणि वस्तू दुसऱ्या वर्गात येतात. भूक, दम, वेड हे तिन्ही या दृष्टीने एकाच वर्गातील. मराठीत मात्र भूक लागली, दम लागला, वेड लागले. बोलणारा मुलगा आहे की मुलगी, याचा येथे काहीच संबंध नाही. क्रियापद चिकटणाऱ्या नामाप्रमाणे बदलते आणि त्या नामाचे लिंग अर्थावरून ओळखता येत नाही. म्हणून ‘भूक’ हा शब्द एकटा न देता ‘भूक लागली’ अशी जोडीच द्यावी. ‘मला भूक लागला’ असे कोणी म्हटले तर त्याला रचना समजली आहे, केवळ एका नामाचे लिंग ठाऊक नाही, हे शिक्षकाने ओळखावे. दोन्ही चुकांना एकच लाल रेघ ओढणे अन्यायाचे होय.

तेलुगूभाषक विद्यार्थ्याची अडचण सक्तीच्या रचनेत येण्याचा संभव अधिक. ‘मला जावे लागते’ या अर्थी तेलुगूत ‘नेनु वेळ्ळालि’ म्हणतात. तेथे ‘नेनु’ म्हणजे ‘मी’ प्रथमेतच राहतो. त्यामुळे ‘मी जावे लागते’ असे वाक्य त्याच्याकडून येऊ शकते. ही चूक अज्ञानाची नसून एका व्याकरणाच्या नियमाने दुसरे व्याकरण बोलण्याची आहे. तिचे निराकरण वर सांगितलेल्या नियमाने होते : जाणे तुला चिकटले आहे, तेव्हा ‘तुला’ म्हण.

७. अध्यापनाचा क्रम

उपरोक्त विवेचनावरून अध्यापनाचा एक क्रम सुचविता येतो. आरंभ प्रत्यक्ष स्पर्शापासून करावा : डिंक बोटाला लागतो, चिखल पायाला लागतो, काटा लागतो. त्यानंतर चव, मग भूक-तहान, मग वाटेतील नदी व डोंगर, मग नाते आणि गरज, आणि सर्वांत शेवटी ‘करू लागणे’ व ‘करावे लागणे’. ‘लावणे’ची जोडी प्रत्येक टप्प्यावर सोबत ठेवावी.

या क्रमात विद्यार्थ्याच्या भाषेला जागा असावी. ‘तुमच्या भाषेत भूक येते, होते, की चिकटते? झोपेचे काय? वाटेत नदी आली की कसे सांगता?’ असे प्रश्न विचारून उत्तरे फळ्यावर दोन रकान्यांत लिहावीत. अशा तासाला मुलगा माहिती देणारा होतो आणि शिक्षक शिकणारा. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय व्हावी, असे राज्यघटनेचे कलम ३५० अ १९५६ पासून सांगत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही मातृभाषेवर भर दिला आहे. ती सोय पुरेशी होईपर्यंत निदान मराठीच्या तासाला त्या भाषेची दखल घेणे शिक्षकाच्या हाती आहे. महाविद्यालयीन अभ्यासकांना यातून संशोधनाचा विषयही मिळू शकेल : ‘येणे’, ‘होणे’ आणि ‘लागणे’ या तीन क्रियापदांचे क्षेत्र माडिया, गोंडी, कोलामी व झाडीबोलीत कसे विभागले आहे, याचा गाववार तौलनिक अभ्यास.

८. समारोप

मराठीस २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी तिची प्राचीनता सिद्ध करावी लागली. परंतु प्राचीनतेचा उपयोग केवळ गौरवापुरता नसतो. ‘लग्’ धातूचा ‘लग्ग’ आणि ‘लाग’ असा प्रवास ज्याला माहीत आहे, तो शिक्षक वीस अर्थ पाठ करावयास लावण्याऐवजी एक चित्र दाखवू शकतो.

शेवटी ‘दाखला आणावा लागेल’ या वाक्याकडे पुन्हा पाहू. या वाक्यात ज्याला चिकटले तो चतुर्थीत आहे, किंवा न सांगताही समजलेला आहे. चिकटली ती दाखला आणण्याची क्रिया. चिकटविले कोणी, याला या रचनेत जागाच नाही. भूक लागते, झड लागते, आणि त्याच सुरात दाखला लागतो. भुकेला आणि पावसाला कोणी कर्ता नसतो. दाखल्याला मात्र असतो. तो कोणत्या तरी नियमाने, कोणत्या तरी अधिकाऱ्याने लावलेला असतो, आणि कित्येकदा तो त्या कामाला लागतच नसतो. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा या प्रदेशाला लागू झाल्यापासून ग्रामसभांना आणि व्यक्तींना अर्ज, पुरावे आणि ठराव यांच्या मराठीशी रोज झुंजावे लागत आहे. त्यांच्यातील एखादा विद्यार्थी आपल्या वर्गातून ‘लागणे’ आणि ‘लावणे’ यांतला फरक समजून बाहेर पडला, तर ‘दाखला लागेल’ हे ऐकून तो तसाच परतणार नाही. ‘हा कोणी लावला आहे?’ असे तो विचारील. हा प्रश्न व्याकरणाचा आहे, आणि तो विचारता येणे ही भाषा आल्याची खूण आहे.